सोमवारचे सात तास

हॉस्पिटलच्या तळघरात औषधं भरण्याची एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. भिंतीशी काचेचं एक कपाट होतं, त्यातून गाळलेली स्वच्छ हवा सारखी वाहायची. त्या हवेत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून थेंबताई गेली बावीस वर्षं सिरिंजा भरत होत्या. तिसऱ्या मजल्यावर लहान मुलांचा आयसीयू. तिथल्या मुलांच्या अंगात जाणारं बहुतेक प्रत्येक औषध आधी थेंबताईंच्या हातून जायचं. मुलं मात्र त्यांनी क्वचितच पाहिली होती. त्यांना मुलं ठाऊक असायची ती वजनानं. साडेतीन किलो, नऊ किलो, सोळा किलो दोनशे. एखाद्या मुलाची चिठ्ठी यायची थांबली की ते बरं होऊन घरी गेलं की देवाघरी, हे त्या विचारत नसत. चिठ्ठी आली नाही की त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडायच्या, दोन्हींसाठी पुरतील असे.

थेंबताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुणा नव्या डॉक्टरनं एकदा फोनवर घाई केली होती, "अहो, एखादा थेंब इकडेतिकडे चालेल." त्यावर त्या आवाज जरासुद्धा न चढवता म्हणाल्या होत्या, "तुम्हाला चालेल. थेंबाला चालणार नाही." ते साऱ्या हॉस्पिटलभर झालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचा एक नेम होता. सिरिंजेला लेबल लावलं की त्यावरचं नाव दोनदा वाचायचं, ओठ हलवून. एकदा डोळ्यांसाठी, एकदा देवासाठी. घाई असो, ताप असो, स्वतःच्या घरात कुणी आजारी असो, नेम चुकला नाही. आणि म्हणूनच की काय, बावीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती. निदान रजिस्टरात तरी नव्हती.

त्या गुरुवारी सकाळी वरून चिठ्ठी आली. चार नंबरची खाट, अकरा किलो. नवं अँटिबायोटिक, पहिला डोस ताबडतोब.

चार नंबर म्हणजे अडीच वर्षांची मुलगी. दोन आठवड्यांपूर्वी तिच्या हृदयातलं भोक ठिगळ लावून बुजवलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण श्वासाची नळी अजून घशात होती, आणि नळी असली की मूल जागं ठेवता येत नाही. म्हणून पंपावर गुंगीचं औषध लावलेलं, थेंब थेंब, रात्रंदिवस. हे औषध नव्यातलं. त्यानं मूल झोपतं, पण त्याचा श्वास दाबला जात नाही, म्हणून वरचे सगळे त्याच्यावर खूश. लावल्यानंतर तिसऱ्या दिवशी मुलीला ताप चढला. एकशे दोन, मग एकशे तीन. मग तो हटेनाच. रक्त तपासलं, लघवी तपासली, घशातलं पाणी तपासलं; जंतू म्हणून सापडला नाही. तरी एक अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं. आज तिसरं. थेंबताईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. हे तिसरं म्हणजे शेवटचं हत्यार. जंतू मारतं, पण मूत्रपिंडालाही सोडत नाही.

त्यांनी ते मापून भरलं, नाव दोनदा वाचलं. पहिला डोस हातानं पोचवायचा आणि किती हळू सोडायचा ते तोंडानं सांगायचं, अशी पद्धत होती. ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गेले काही दिवस ते रोज इथेच असत. अंगात धुवून धुवून विरलेला सदरा, खिशाला टेस्टरचं टोक. ते वर, लपलप करणाऱ्या ट्यूबलाइटकडे, डॉक्टर रोग्याकडे बघतो तसे बघत होते.

"हिचा स्टार्टर गेलाय, ताई," ते म्हणाले.

"तीन वेळा कळवलंय हो, आजोबा."

"तीन वेळा कळवलं म्हणजे तिघांनी ऐकलं नाही." ते हसले आणि लगेच ओशाळले, हसायला नको होतं असं वाटून. "इथे बसलो तर चालतं ना? वर नातेवाइकांच्या खोलीत सगळे माझ्याकडे बघतात. मी रडलो की आपणही रडायचं म्हणून थांबून बसलेत. मी रडत नाही म्हणून बिचाऱ्यांची पंचाईत होते."

"बसा की. तुमचं कोण आहे वर?"

"नात. मुंगी म्हणतो आम्ही तिला. एका जागी ठरायची नाही ना. आता ठरलीय." त्यांनी बोटं मोडली. "चार नंबरला."

थेंबताईंच्या हातातला ट्रे जड झाला. अकरा किलो ही आता मुंगी झाली.

"उद्या सकाळी छाती पुन्हा उघडणार म्हणालेत," आजोबा सांगत होते. "ठिगळाशी पू झालाय का ते बघायला. बाहेरून काही सापडत नाही, म्हणजे आत असणार, असं म्हणाले. जावयाला सही करवेना, म्हणून मी केली. डॉक्टर माणूस खरा आहे. म्हणाला, आजोबा, पहिल्या वेळेपेक्षा हे अवघड आहे, मूल दमलंय." ते पुन्हा ट्यूबकडे बघू लागले. "मी आयुष्यभर वायरमन. घरात फ्यूज उडायला लागला की आधी मी काय करायचो, तर जे जे लावलंय ते एकेक काढून बघायचो. इस्त्री काढ, पंखा काढ. आता इथे ते उलटं दिसतं. फ्यूज उडतोय आणि हे आणखी एक लावतायत. पण मला काय कळतंय? वायर वेगळी, लेकरू वेगळं."

"येते मी," थेंबताई म्हणाल्या. 

*

तिसऱ्या मजल्यावर मोठ्या सिस्टर खाटेशीच होत्या. थेंबताईंच्या आणि त्यांच्या नोकरीला एकाच आठवड्यात सुरुवात झालेली. एकीच्या लग्नात दुसरीनं वाढलेलं, एकीच्या बाळंतपणात दुसरीनं पाळ्या केलेल्या. बोलायला सिस्टर फटकळ, पण हात लोण्याचा.

"आज स्वारी स्वतः? शुभशकुन समजायचा की अपशकुन?"

"पहिला डोस आहे. एक तास लाव. त्याहून लवकर नको."

"एक तास. बरं." सिस्टरनी सिरिंज घेतली, दिव्याकडे धरून पाहिली, सवयीनं. थेंबताईंनी खाटेकडे पाहिलं. कोबीच्या गड्ड्याएवढं डोकं, केस घामानं कपाळाला चिकटलेले, छातीवर पट्टी. गाल लालबुंद. काखेत गार पाण्याच्या पिशव्या. ओठांच्या कडेला नळी चिकटवलेली. एक हात चादरीबाहेर होता आणि त्याच्या नखांना उडालेलं गुलाबी नेलपॉलिश होतं. कुणीतरी हिला हौसेनं लावलं असणार, घरी, ऑपरेशनच्या आधी.

मग त्यांची नजर खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर गेली. तापाची रेघ. आठ दिवसांची. वर, वर, वरच. आणि मध्येच एक खळगा. दुपारी बाराला एकशे तीन, दोनला एकशे दोन, चारला शंभर, सहाला साडेनव्व्याण्णव. रात्री परत एकशे एक, सकाळी एकशे तीन.

खळगा सोमवारी होता.

खळग्याच्या शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात टिपण होतं: दुसरं अँटिबायोटिक सुरू, ताप उतरला. खाली दुसऱ्या दिवशीचं: पुन्हा चढला, जंतू दाद देत नाही, आत दडलेला असावा.

थेंबताई तिथेच उभ्या राहिल्या. सिस्टर पंप लावत होत्या. सोमवारी काय झालं होतं ते ह्या साऱ्या मजल्यावर दोघींनाच ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी चार नंबरसाठी गुंगीच्या दोन सिरिंजा भरल्या होत्या. एका सिरिंजेला दोन कुप्या. भरून झाल्यावर नेहमीप्रमाणे रिकाम्या कुप्या मोजल्या, तर पाच. चार हव्या होत्या. म्हणजे एका सिरिंजेत औषध जास्त गेलं होतं, आणि कोणत्या ते काही केल्या आठवेना. त्यांनी दोन्ही सिरिंजा फेकून दिल्या. तेवढं बरोबरच केलं. पण पंपावरची सिरिंज अकराला संपत होती, कपाटात एकच कुपी उरली होती, आणि नवी पेटी यायची होती संध्याकाळी. त्यांनी सिस्टरना फोन केला. बोलता बोलता रडूच आलं.

"अगं, एवढं काय," सिस्टर म्हणाल्या होत्या. "जुनं गुंगीचं औषध कपाटात आहे, 'गरज पडली तर द्या' असं डॉक्टरांनी लिहूनच ठेवलंय. तेवढ्यावर काढते दिवस. मूल शांत राहिलं की झालं."

"पण रजिस्टरात..."

"रजिस्टरात सिरिंज अकराला पाठवली असंच लिही. मी पण पंप चालू होता असंच लिहिते. ह्याच आठवड्यात तपासणीवाले येणार आणि तुझ्या बावीस वर्षांवर ह्या एका कुपीचा डाग? कुणाचं काही बिघडलं का? तूच पकडलंस ना? मग झालं तर."

आणि त्यांनी अकरा लिहिलं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. सात तास पंप बंद होता आणि कागदावर तो चालू होता.

"सिस्टर," थेंबताई आता हळूच म्हणाल्या, "ह्या तक्त्यावरचा सोमवार बघ."

"बघितलाय. दुसऱ्या अँटिबायोटिकनं जरा उतरला होता गं, मग..."

"अकराला पंप बंद झाला. बारानंतर ताप उतरायला लागला. सहाला मी नवी सिरिंज पाठवली. रात्री परत चढला."

सिस्टरचा हात पंपावरच थांबला. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, मग थेंबताईंकडे. पडदा ओढून घेतला.

"गुंगीच्या औषधानं ताप येतो होय? ऐकलंय कधी?"

"नाही ऐकलं. बघते."

"आणि बघून करणार काय?" सिस्टरचा आवाज खाली आला. "सांगणार? काय सांगणार? की आपण दोघींनी खोटं लिहिलं?"

पलीकडच्या खाटेचा पंप किणकिणला. सिस्टर तिकडे गेल्या. तिसऱ्या औषधाचे थेंब नळीतून उतरायला लागले होते.

*

खोलीत परत येऊन थेंबताईंनी त्या औषधाच्या पेटीतली घडी घातलेली पुस्तिका काढली. मुंगीच्या पायांसारखी अक्षरं. दुष्परिणामांच्या यादीत, रक्तदाब, नाडी, कोरडं तोंड ह्यांच्या मागे, एक शब्द होता: ताप. बावीस वर्षांत अशा शेकडो पुस्तिका त्यांनी केराच्या पेटीत टाकल्या होत्या.

त्या स्टुलावर बसल्या. देवाला म्हणाल्या, मला मार्ग दाखव. आणि मग, खरं सांगायचं तर, त्यांनी मार्गांतला सोपा मार्ग शोधला. माणूस देवापाशीही सवलत मागतोच.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, चार नंबरबद्दल जरा बोलायचं होतं. तिचं गुंगीचं औषध... त्यानंही ताप येऊ शकतो असं दिसतं. पुस्तिकेत आहे."

डॉक्टर घाईत नव्हते. ऐकून घेणारा माणूस. "ताई, चांगलं केलंत विचारलंत ते. माझ्याही मनात येऊन गेलं होतं. पण तसं नाही ते. सोमवार बघा ना. सोमवारी ताप जवळजवळ पूर्ण उतरला आणि औषध तेव्हा चालूच होतं. त्याच मापानं, एक मिनिटही खंड नाही. तुमचंच रजिस्टर सांगतंय. औषधानं ताप येत असता तर औषध चालू असताना उतरला कसा असता?"

थेंबताईंनी समोरचं रजिस्टर मिटलं.

"सगळ्यांच्या नोंदींवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तुमच्या ठेवतो. म्हणून तर तो मुद्दा खोडला. नाहीतर औषध बंद करून एक दिवस बघितलं असतं. ठेवू?"

"हो," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्यांचा हात त्यावरच होता. त्या मुलीची सुटका होण्याची एकच वाट होती आणि त्या वाटेवर त्यांनीच, त्यांच्या सुवाच्य अक्षरात, 'अकरा' असा दगड ठेवला होता. कुणा बेफिकीर माणसाचं रजिस्टर असतं तर डॉक्टरांनी शंका घेतली असती.

त्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले, जसे काम सुरू करताना धुवायच्या. मग रजिस्टर काखोटीला मारलं आणि जिन्यानं वर निघाल्या. लिफ्टसाठी थांबल्या असत्या तर परत फिरल्या असत्या, हे त्यांना स्वतःबद्दल माहीत होतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सिस्टर भेटल्या. त्या खालीच यायला निघाल्या होत्या. त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि जिन्याच्या कठड्याला पाठ टेकली.

"माझ्या निवृत्तीला दीड वर्ष आहे," त्या म्हणाल्या.

"मी माझं सांगते. तू लिहायला सांगितलंस हे नाही सांगणार."

"अगं वेडे, पंपाची नोंद माझ्या अक्षरात आहे. तू तुझं सांगितलंस की माझं आपोआपच सांगून होतं." सिस्टर हसल्या, पण ते हसू लगेच मावळलं. "मी ते तुझ्यासाठी केलं होतं. तुला फोनवर रडू येत होतं म्हणून."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे आणि तरी चाललीस."

"उद्या नऊ वाजता तिची छाती उघडणार आहेत, सिस्टर."

 खालच्या मजल्यावर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक रडत होतं. सिस्टर बाजूला झाल्या. वाट दिली, पण सोबत आल्या नाहीत.

*

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाच विचारलं, "किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?" उत्तर एका कागदावर लिहून घेतलं आणि तापाचा तक्ता शेजारी ठेवून दोन्हींवर पेनाचं टोक पुढे-मागे फिरवलं. मग पेन खाली ठेवलं.

"ताई, हे मला मंगळवारी सकाळी..." ते म्हणाले आणि थांबले.  ते ओरडले असते तर थेंबताईंना सोपं गेलं असतं.

"तिसरा डोस... म्हणजे तिसऱ्या औषधाचा पहिला डोस आत गेला?"

"गेला. मीच नेऊन दिला."

डॉक्टरांनी डोळे चोळले. "खात्री मला अजूनही नाही. पू असेल आणि मी वाट बघत बसलो तर तेही माझ्याच माथी. पण आता बघायलाच हवं. गुंगीचं हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करतो, जुनं लावतो. ऑपरेशन एक दिवस पुढे. शनिवारी सकाळपर्यंत ताप उतरला नाही तर उघडावंच लागेल." दाराशी जाताना ते वळले. "वर कळवावं लागेल मला. तुमचं आणि सिस्टरांचं."

"हो. रजिस्टर इथेच ठेवते."

"ठेवा."

शुक्रवार कसा गेला ते थेंबताईंनी पुढे कुणाला सांगितलं नाही. चौकशी लागेपर्यंत काम चालू ठेवा असं तोंडी सांगण्यात आलं होतं. त्यांनी सिरिंजा भरल्या, प्रत्येक नाव दोनदा वाचलं, कुप्या तीन-तीनदा मोजल्या. दर दोन तासांनी वर फोन करून चार नंबरचा ताप विचारला. फोनवर एक नवखी नर्स असायची. मोठ्या सिस्टरना बाह्यरुग्ण विभागात, पट्ट्या बांधायच्या टेबलावर पाठवलं होतं.

सकाळी एकशे तीन. औषध अजून पुरतं बंद झालं नव्हतं. दुपारी बाराला एकशे तीनच. थेंबताईंच्या मनात आलं: म्हणजे मी स्वतःला बुडवलं, मैत्रिणीला बुडवलं आणि मूलही गेलं हातचं? दोनला एकशे दोन पॉइंट चार. त्या म्हणाल्या, हे काही खरं नव्हे. चारला एकशे एक. सहाला शंभर. सहाच्या आकड्यावर त्यांनी फोन ठेवला आणि त्याच स्टुलावर बसून त्या रडल्या, अगदी आवाज न करता, कारण बाहेरच्या बाकावर आजोबा असतील असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी साडेअठ्ठ्याण्णव. छाती उघडली गेली नाही.

पण म्हणून वर आनंदीआनंद होता असं नाही. झोप विरळ झाल्यावर मुंगी तळमळायला लागली होती. दहा-अकरा दिवस त्या औषधाला सरावलेलं शरीर ते मागत होतं. हात थरथरत होते, रक्तदाब वर गेला होता. नळीमुळे रडण्याचा आवाज निघत नव्हता, नुसतं तोंड उघडायचं आणि डोळ्यांतून पाणी. आईनं तिचे दोन्ही तळवे हातात धरून ठेवले होते आणि ती नवख्या नर्सला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "कालपर्यंत शांत होती हो. काय केलंत तुम्ही हिला?" आणि रक्ताचा जो अहवाल आला त्यात मूत्रपिंडाचा आकडा चढला होता. थोडाच. उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. उतरायला हवा.

*

सोमवारी सकाळी थेंबताई आल्या तेव्हा खोलीबाहेरची ट्यूब स्वच्छ, न लपलपता जळत होती. बाकावर आजोबा होते. शेजारी जुना स्टार्टर ठेवला होता, पकडलेल्या उंदरासारखा.

"कुणाला विचारलं नाही बरं का," ते म्हणाले. "विचारलं असतं तर अर्ज कर म्हणाले असते." आज त्यांचा आवाज मोकळा होता. "ताई, नळी काढली काल. मुंगी बोलली. काय बोलली माहितीये? पाणी. एवढंच. पण मी म्हटलं, चला, मागणी आली म्हणजे माणूस आलं."

 थेंबताईंनी मान हलवली.

"डॉक्टर म्हणाले, खालच्या औषधवाल्या ताईंच्या लक्षात आलं. म्हणजे तुम्हीच की." त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि वायरमनचे ते जाड, भाजल्याचे डाग असलेले हात जोडलेले बघणं थेंबताईंना असह्य झालं. "देव तुमचं भलं करो. मी काय म्हणालो होतो? एकेक काढून बघायचं. तुम्ही काढून बघितलंत."

इथे गप्प राहता आलं असतं. डॉक्टरांनी आजोबांना अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं चौकशीत कधीतरी कागदांवर निघालं असतं. आणि कागद वाचायला हा म्हातारा थोडाच येणार होता. थेंबताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"आजोबा, मी काढून नाही बघितलं. चुकून निघालं होतं. मागच्या सोमवारी." आणि त्यांनी सांगितलं. पाच कुप्या. सात तास. अकराचा आकडा. सिस्टरचं नाव घेतलं नाही, फक्त "आम्ही" म्हणाल्या.

आजोबांनी ऐकलं. त्यांचे जोडलेले हात हळूहळू सुटले आणि मांडीवर आले.

"म्हणजे मंगळवारीच कळलं असतं."

"हो."

"मग बुध, गुरू... ती तापलेली होती ते..."

"हो."

"आणि ते शेवटचं औषध? ज्यानं आता तिचा कसला तो आकडा वाढलाय?"

"ते द्यावं लागलं नसतं. ते मीच भरलं."

ट्यूबचा उजेड दोघांवर सारखा पडला होता. आजोबांनी जुना स्टार्टर उचलला, बोटांत फिरवला.

"मला कशाला सांगितलंत?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मी हात जोडले होते. तेवढे घ्यायचे होते. मला कुणाला तरी जोडायचे होते हो."

 थोड्या वेळानं आजोबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठले, जसे म्हातारे उठतात. दोन पावलं गेले, थांबले, पाठमोरेच म्हणाले, "आकडा उतरेल म्हणालेत."

"उतरेल."

"तुम्ही म्हणताय की लिहिताय?"

"म्हणतेय," थेंबताई म्हणाल्या. "आकडा मला माहीत नाही."

ते लिफ्टकडे गेले. दार मिटलं.

थेंबताई आत आल्या. टेबलावर रजिस्टर परत आलेलं होतं, चौकशीच्या पत्रासह. मागच्या सोमवारच्या ओळीवर खूण घातली होती: दुरुस्ती करावी, दोघींच्या सह्या. त्यांनी लाल शाईनं 'अकरा'वर एक रेघ मारली, अशी की खालचा आकडा वाचता यावा, आणि शेजारी 'संध्याकाळी सहा' लिहिलं. सही केली. दुसऱ्या सहीच्या चौकोनाकडे पाहिलं आणि त्या थांबल्या. तो चौकोन भरलेला होता. मोठ्या सिस्टर सकाळी, त्या यायच्या आधीच येऊन गेल्या होत्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सही मात्र एवढी दाबून केलेली की मागच्या पानावर तिचा वळ उठला होता.

मग वरून दिवसाच्या चिठ्ठ्या आल्या. तिसरी चार नंबरची होती. साधं औषध, ताप नाही, गुंगी नाही. वजनाच्या रकान्यात नवा आकडा: दहा किलो आठशे.

दोनशे ग्रॅम कमी. दोन आठवड्यांत एवढं उतरणारच, कुणीही म्हणालं असतं. पण त्यातले किती कुठल्या दिवसांत गेले, हे थेंबताई मनात मांडत बसल्या, आणि बेरीज काही केल्या मंगळवारच्या पुढे सरकेना.

त्यांनी हात धुतले, कपाटाच्या वाहत्या हवेत घातले. नव्या वजनानं माप घेतलं. लेबल लावलं. नाव एकदा वाचलं, डोळ्यांसाठी. दुसऱ्यांदा ओठ हलले, पण आज ते नाव देवाच्या कानावर घालण्याचा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. तरी वाचलं. नेम होता.